लेझर कटिंग नीट समजून घ्या: ड्रॉइंगपासून मशीन घेण्यापर्यंत, कोल्हापूरच्या शॉपवाल्यांसाठी सविस्तर माहिती

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही जावा, आता फायबर लेझर म्हणजे काही नवलाची गोष्ट राहिली नाही. उद्यमनगरात गॅस कटरवर आणि शिअरिंगवर आयुष्य गेलेली माणसंसुद्धा आता "लेझरला टाकून आण" म्हणतात. पण जॉब द्यायला येणारा असो किंवा मशीनवर नवीन लागलेलं पोरगं असो, पहिला प्रश्न एकच, "कितीचं मशीन आहे, दीड का तीन किलोवॅट?" माझं म्हणणं आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. कट स्वच्छ येतो का घाण येतो हे ड्रॉइंग, पत्रा, गॅस, फोकस आणि लेन्सखालची एक-दीड इंचाची एक काच यांच्यावर ठरतं, आणि या सगळ्या गोष्टी किलोवॅट न वाढवता सुधारता येतात. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय, क्रमाने वाचा.

आधी, लेझर म्हणजे आत नेमकं काय होतं

अणूला बाहेरून ऊर्जा दिली की तो वरच्या पातळीवर जातो आणि तिथं फार काळ न थांबता खाली येतो, येताना ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. साध्या बल्बमधे प्रत्येक अणू आपल्या मर्जीने कधीही, कुठल्याही दिशेला प्रकाश सोडतो. आइनस्टाइनने १९१७ साली दाखवलं की वरच्या पातळीवर थांबलेल्या अणूजवळून बरोबर त्याच ऊर्जेचा प्रकाशकण गेला तर तो अणू लगेच खाली येतो आणि अगदी तसाच दुसरा कण सोडतो, दिशा तीच, रंग तोच, लाटेची चालसुद्धा तीच. एकाचे दोन, दोनाचे चार. विसर्जन मिरवणुकीतली गर्दी आणि त्याच रस्त्यावरचं लेझीम पथक, माणसं दोन्हीकडं तेवढीच, पण पथकात सगळ्यांचा पाय एकाच ठेक्यावर पडतो. लेझरचा प्रकाश तसा ठेक्यात असतो, म्हणून तो पसरत नाही आणि लेन्सने एका बारीक ठिपक्यात गोळा करता येतो.

यासाठी तीन गोष्टी लागतात. एक माध्यम, त्या माध्यमाला ऊर्जा देणारा पंप, आणि दोन्ही टोकांना आरसे. एक आरसा पूर्ण, दुसरा थोडा प्रकाश बाहेर सोडणारा. थिओडोर मेमनने १६ मे १९६० ला अमेरिकेत पहिला लेझर चालवला तेव्हा माध्यम होतं कृत्रिम माणकाचा दांडा, आणि पंप होता फ्लॅश लॅम्प. चार वर्षांनी, १९६४ ला, बेल लॅबमधे कुमार पटेल यांनी सीओटू लेझर (यात माध्यम कार्बन डायऑक्साइड गॅस) तयार केला, आणि हे आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं पण हा माणूस बारामतीत जन्मलेला आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून शिकून गेलेला. त्यानंतर कित्येक दशकं जगभर पत्रा कापायचं मुख्य काम याच सीओटू लेझरने केलं.

आज शॉपमधे जे फायबर लेझर दिसतं त्यात माध्यम म्हणजे काचेचा बारीक धागा, त्यात यटर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं. ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटरचे डायोड त्याला पंप करतात आणि बाहेर साधारण १०७० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश येतो. आरसेसुद्धा त्या धाग्यातच कोरलेले असतात, त्यामुळे अलाइनमेंटची जुनी कटकट गेली. विजेचं बघाल तर सीओटूमधे दिलेल्या विजेतला साधारण १० टक्के भाग प्रकाश होतो, फायबरमधे ३० ते ४० टक्के. फायबर एवढ्या झपाट्याने पसरलं त्यामागं हे मोठं कारण आहे.

आता ताकदीचं गणित. एक किलोवॅट म्हणजे १००० वॅट, ऐकायला काही फार नाही. पण तो सगळा ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात आणला की तिथं दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी वॅटच्या वर घनता होते. लोखंड १५३८ अंशाला वितळतं, इथं ते क्षणात होतं. पण नुसतं वितळवून भागत नाही, वितळलेला रस तिथंच राहिला तर परत चिकटणार. तो रस खाली ढकलून काढायचं काम नोझलमधून, म्हणजे मशीनच्या कापणाऱ्या डोक्याच्या (हेडच्या) टोकाच्या बारीक तोंडातून, येणारा गॅस करतो. १९६७ ला इंग्लंडमधे पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेझरच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत लावून १ एमएम पत्रा कापला, तिथून हे तंत्र सुरू झालं. कटिंगमधलं निम्मं दुखणं गॅसचं असतं ते यामुळेच.

पायरी १: कुठलं काम कुठल्या लेझरवर, हे आधी ठरवा

प्रत्येक मटेरिअल सगळा प्रकाश पीत नाही. सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा प्रकाश लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, कापड, चामडं छान शोषून घेतात. फायबरचा १ मायक्रॉनवाला प्रकाश धातू चांगला शोषतात, पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून तो सरळ आरपार जातो. म्हणजे साइनबोर्ड, अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी, एमडीएफचं मखर असली कामं असतील तर ८०-१०० वॅटचं काचेच्या ट्यूबचं सीओटू मशीन भरपूर झालं, आणि लोखंडी पत्रा असेल तर फायबर.

आपल्या भागातली कामं बघा. कोल्हापुरी चप्पल हाताने होते आणि तिची किंमत त्या हातालाच आहे, पण तळव्यावर नाव किंवा लोगो कोरायचा असेल, शोभेच्या पट्टीत बारीक जाळी कापायची असेल तर सीओटू उपयोगाचा आहे. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं यावर चालतं, कडा थोडी काळी होते आणि वास येतो, एक्झॉस्ट लावा. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा धूर मात्र जास्त घातक असतो. आणि रेक्झिन, पीव्हीसी फोम, व्हिनाइल हे लेझरखाली कधीच घालायचं नाही, "एकदाच बघू" म्हणूनसुद्धा नाही, कारण पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुप्फुसाला आणि मशीनच्या रेल-बेअरिंगला दोन्हीला खातो.

इचलकरंजीच्या गारमेंटवाल्यांना पॉलिस्टर कापायला सीओटू बरा पडतो, कडा वितळून सील होते आणि धागे सुटत नाहीत. गुजरीत दागिन्यावर जो सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) दिसतो ते फायबर मार्किंगचं काम. हुपरीच्या चांदीवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, चांदी १ मायक्रॉनचा प्रकाश प्रचंड परत फेकते, तांबं पण तसंच. तिथं कमी वेळात जास्त पीक पॉवर देणारा पल्स लेझर लागतो, आणि कटिंग मशीनवर चांदी, तांबं, पितळ घालायच्या आधी सोर्सला (जिथं लेझर तयार होतो त्या युनिटला) बॅक रिफ्लेक्शनचं प्रोटेक्शन आहे का हे लेखी विचारून घ्या. परत आलेला प्रकाश धाग्यातून उलटा सोर्समधे जातो आणि दुरुस्तीचा खर्च छाती दडपवणारा असतो.

फाउंड्रीवाल्यांना कटिंगपेक्षा मार्किंगमधे जास्त फायदा आहे. मशीनिंग झालेल्या कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीतून एकावेळी ओतलेल्या धातूचा नंबर), पार्ट नंबर, डेटा मॅट्रिक्स कोड मारला की दोन वर्षांनी तक्रार आली तरी कुठल्या हीटचं कास्टिंग होतं ते सापडतं. पंच मारलेला नंबर पेंटखाली दबतो, हा दबत नाही, फक्त खोली पुरेशी ठेवायची. पॅटर्न आणि कोअर बॉक्सवरचा थर काढायला लेझर क्लीनिंगपण येतंय, पण ते मशीन रोज लागणार नसेल तर भाड्याने किंवा जॉबवर्कवर बघा.

इथून पुढं मी फायबर कटिंगबद्दलच लिहितो, कारण आपल्याकडं खरा धंदा त्यात आहे.

पायरी २: ड्रॉइंग नीट द्या

जॉब बिघडायची सुरुवात पेनड्राइव्हमधेच झालेली असते. फाइल डीएक्सएफमधे (कॅड ड्रॉइंगचा फॉरमॅट), मिलिमीटरमधे आणि एकास एक मापात पाहिजे. डायमेन्शनच्या रेषा, सेंटर लाइन, टायटल ब्लॉक सगळं काढून टाका, नाहीतर मशीन तेपण कापेल. एकावर एक दोन रेषा पडल्या असतील तर डोकं तिथून दोनदा जातं आणि कड जळते, ओव्हरलॅप काढायची कमांड सगळ्या सॉफ्टवेअरमधे असते, ती मारायचीच. टोकं जोडलेली नसतील तर आत-बाहेर कुठलं हे मशीनला कळत नाही. अक्षरं कापायची असतील तर मराठी फॉन्टचं आउटलाइन करून द्या, आणि "व", "ब", "ठ" असल्या अक्षरांचा आतला गोल तुकडा खाली पडतो, त्याला पूल ठेवावा लागतो. देवळाच्या कमानीवरच्या नावात हे हमखास राहतं.

कटची रुंदी म्हणजे कर्फ, पातळ-मध्यम पत्र्यात साधारण ०.१ ते ०.३ एमएम. समजा कर्फ ०.२ आहे आणि १२ एमएमचं भोक कॉम्पेन्सेशन न देता, म्हणजे कर्फच्या निम्म्याने रेषा न सरकवता, कापलं तर ते १२.२ येणार, आणि बाहेरचा आकार तेवढाच बारीक. हे कॉम्पेन्सेशन एकानेच द्यायचं, ऑपरेटरने. तुम्ही ड्रॉइंगमधे पण दिलं आणि त्याने पण दिलं की पिन बसत नाही आणि मग भांडण.

भोकाचा व्यास जाडीएवढा किंवा जास्त असेल तर निवांत. १० एमएम प्लेटमधे ५ एमएमचं भोक मागितलं तर ते खाली निमुळतं आणि जळकं येण्याची शक्यता जास्त, तिथं लेझरने फक्त सेंटर मार्क मारून घ्या आणि ड्रिल करा. टॅपिंगच्या (आत आटे पाडायच्या) भोकाचं पण तसंच आहे. ऑक्सिजनने कापलेल्या भोकाची आतली कड कडक होते, त्यात सरळ टॅप घातला की टॅप मोडतो. एम८ च्या आट्यांसाठी ६.८ एमएमचं भोक पाहिजे तर लेझरने लहान भोक मारून उरलेलं ड्रिलने काढा, टॅपचे पैसे वाचतात.

बेंडिंगचा जॉब असेल तर उलगडलेलं माप कोण काढणार ते आधी बोलून घ्या, प्रेसब्रेकवाल्याकडचा (पत्रा वाकवणाऱ्याकडचा) डाय आणि पंचची त्रिज्या बदलली की माप बदलतं. एक तुकडा वाकवून बघून मगच शंभर कापायचे.

पायरी ३: पत्रा बघून घ्या

आपल्याकडं स्क्रॅपमधून, उरलेल्या तुकड्यातून काम करायची सवय आहे, हरकत नाही, पण गंजलेला, पेंट मारलेला, तेलकट पत्रा लेझरला चालत नाही. गंजाचा थर सारखा नसतो म्हणून एका ठिकाणी स्वच्छ कट आणि चार इंच पुढं फटाके. हॉट रोल्ड प्लेटवरची निळसर काळी खपली घट्ट बसलेली असेल तर चालते, सुटत आली असेल तर त्रास. जाड प्लेट घेताना डीलरला "लेझरला चालणारी द्या" असं स्पष्ट सांगा, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा.

स्टेनलेसवर प्लास्टिक फिल्म असते. फिल्मची बाजू वर ठेवायची, खालच्या बाजूची काढून टाकायची. वरची फिल्म फुगत असेल तर आधी कमी पॉवरवर त्याच रेषेवर एक फेरा मारून फिल्म जाळून घेतात आणि मग कट, वेळ जातो पण कड सुंदर येते.

वजनाचा हिशोब तोंडपाठ पाहिजे: लांबी मीटर गुणिले रुंदी मीटर गुणिले जाडी एमएम गुणिले ७.८५. म्हणजे १२५० बाय २५०० ची ५ एमएम प्लेट १२२.६ किलोच्या आसपास.

पायरी ४: गॅस, इथं जरा थांबा

माइल्ड स्टीलच्या मध्यम आणि जाड प्लेटला ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन नुसता रस ढकलत नाही, गरम लोखंडाबरोबर त्याची रासायनिक क्रिया होऊन तिथं आणखी उष्णता तयार होते, म्हणून कमी पॉवरच्या मशीनवरपण जाड प्लेट कापते. प्रेशर अगदी कमी, साधारण अर्धा ते एक बार. नवीन पोरं इथं उलटं करतात, कट होत नाही म्हणून प्रेशर वाढवतात, आणि लोखंड अनावर जळून कोपरे खाल्ले जातात.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमला नायट्रोजन. तो जळत नाही, फक्त ताकदीने ढकलतो, म्हणून १० ते २० बार लागतात. कड चांदीसारखी पांढरी येते, पिवळट आली की समजायचं नायट्रोजन शुद्ध नाही किंवा कुठून तरी हवा आत ओढली जातेय, आधी पाइपचे जॉइंट साबणाच्या पाण्याने तपासा.

खर्चातला फरक बघा. ७ क्युबिक मीटरचं ऑक्सिजन सिलिंडर १.२ एमएमच्या नोझलवर कमी प्रेशरने चालवलं तर सलग कटिंगला पाच-सहा तास पुरू शकतं. तेवढंच नायट्रोजन सिलिंडर २ एमएमच्या नोझलवर १४ बारने पाव तासात संपतं. होय, पाव तासात. म्हणून स्टेनलेसचं काम नियमित असेल तर सुट्ट्या सिलिंडरच्या नादाला लागू नका, लिक्विड नायट्रोजनचा ड्युरा (थर्माससारखं मोठं सिलिंडर) घ्या, १८० लिटरच्या ड्युरातून शंभरहून जास्त क्युबिक मीटर गॅस मिळतो.

तिसरा मार्ग हवा. चांगला कॉम्प्रेसर, ड्रायर आणि फिल्टर लावून पातळ पत्रा हवेने कापता येतो, कड थोडी करडी येते पण जाळी, रॅक, पॅनल असल्या कामाला एकदम स्वस्त. ड्रायरवर पैसे वाचवू नका. हवेतून तेलाचा एक थेंब गेला तर काच गेली.

आणि पावडर कोटिंगवाल्यांसाठी महत्त्वाचं: ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. त्यावर कोटिंग चांगलं बसलंय असं वाटतं, आणि नंतर कडेवरून सालपट निघाल्यासारखं सुटतं, खाली काळी चकचकीत कड दिसते. ट्रॅक्टर ट्रॉलीचे ब्रॅकेट, गेट, रेलिंग सगळीकडं हे होतं. एकतर नायट्रोजन किंवा हवेने कापा, नाहीतर कोटिंगच्या आधी कडा घासून काढा. कोटिंगवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

पायरी ५: नोझल, फोकस आणि ती काच

कट सुरू करायच्या आधी या तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं लागतात. नोझल गोल आहे का, टोकाला ठोका लागलाय का, रस चिकटलाय का ते बघा. ऑक्सिजनला डबल नोझल, नायट्रोजनला सिंगल. मग सेंटरिंग: नोझलच्या तोंडावर टेप चिकटवा, कमी पॉवरचा एक शॉट मारा, टेप काढून उजेडात धरा. नोझलचा गोल ठसा आणि त्याच्या मधोमध बारीक भोक दिसलं पाहिजे. भोक एका बाजूला असेल तर हेडच्या स्क्रूने सरकवून परत शॉट. प्लेटच्या तीन बाजू स्वच्छ आणि एकाच बाजूला बर (कडेखाली चिकटून राहिलेला रस) येत असेल तर दुसरं काही शोधत बसू नका, सेंटरिंगच गेलंय.

फोकस साधारण असा, ऑक्सिजनने माइल्ड स्टील कापताना पत्र्याच्या वर म्हणजे प्लसमधे, नायट्रोजनने स्टेनलेस कापताना पत्र्याच्या आत म्हणजे मायनसमधे. नेमका आकडा मशीनच्या चार्टवरून सुरू करायचा आणि अर्ध्या अर्ध्या एमएमने बदलत बघायचं. एकावेळी एकच सेटिंग बदला. स्पीड, फोकस, प्रेशर तिन्ही एकदम हलवले तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

प्रोटेक्टिव्ह काच हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. तिच्यावर एक काळा ठिपका पडला की तो प्रकाश शोषतो, काच तापते, फोकस सरकतो, आणि ऑपरेटर बिचारा पॉवर वाढवत बसतो. काच बदलताना पंखा बंद, हात स्वच्छ, बोटांना कव्हर, आणि ड्रॉवर बाहेर काढल्या काढल्या हेडचं तोंड टेपने बंद. शेजारी ग्राइंडर चालू असताना हे करायचं नाही. पुसायला चांगल्या शुद्धतेचा आयसोप्रोपिल आणि नवीन स्वॅब, बनियनचं कापड नाही.

पायरी ६: टेस्ट कट मारा आणि ठिणग्या वाचा

प्रत्येक नवीन लॉटच्या प्लेटवर ५० बाय ५० चा एक चौकोन आणि आत एक भोक, एवढं आधी कापून बघायचं. कापताना खालून ठिणग्या बघा (गॉगलमधून, आणि मशीनच्या काचेतून). सरळ खाली पडत असतील तर स्पीड बरोबर. मागं रेलत असतील तर स्पीड जास्त. पसरत नसतील, गुच्छ होऊन पडत असतील तर स्पीड कमी. मग तुकडा हातात घेऊन कडेवरच्या रेषा बघा, खालच्या बाजूला रेषा मागं वळल्या असतील तर पुन्हा स्पीडच जास्त आहे. कड खरबरीत आणि कर्फ रुंद, कोपरे जळालेले, तर स्पीड कमी किंवा ऑक्सिजन जास्त. कोपऱ्यासाठी सॉफ्टवेअरमधे कूलिंग पॉइंट टाकता येतो, डोकं क्षणभर थांबतं, गॅस तेवढा चालू राहतो, आणि मग पुढं.

स्टेनलेस कापताना वरच्या बाजूला निळसर ज्वाळा उठायला लागली तर लगेच थांबवा, कट आरपार जात नाहीये.

लहान तुकडे जाळीवर तिरके उभे राहतात आणि हेड येऊन त्यावर आदळतं. ०.३ ते ०.५ एमएमचे मायक्रोजॉइंट (न कापलेले बारीक जोड) ठेवा, नंतर हाताने तोडून घासून टाका.

पावसाळा

आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलीचिंब असते आणि त्या चार महिन्यांत फायबर सोर्सला खरा धोका ठिणगीपेक्षा दवाचा आहे. शॉपमधे २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २५ अंशाच्या आसपास दव जमतं. तुमचं चिलर (सोर्समधे थंड पाणी फिरवणारं युनिट) २२ अंशाला सेट असेल तर सोर्सच्या आतल्या थंड भागावर पाणी धरणार, डायोडवर, लेन्सवर, कुठंही. सोर्सला एसी केबिन करा, दार बंद ठेवा, आत आर्द्रता दाखवणारा मीटर टांगा. सकाळी आधी एसी, केबिन कोरडी झाली की चिलर, मग लेझर. बंद करताना लेझर आधी, आणि चिलर रात्रभर चालू ठेवून जायचं नाही. सोर्सच्या मॅन्युअलमधे तापमान आणि आर्द्रतेचा तक्ता असतो, तो प्रिंट काढून भिंतीवर लावा. चिलरमधे बोअरचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, आणि महिन्याला बदला.

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीत हायवेवर आलं होतं ते आठवत असेलच. सखल भागात शॉप असेल तर सोर्स, स्टॅबिलायझर आणि पॅनल उंच चौथऱ्यावर बसवा, फाउंडेशन करतानाच.

सेफ्टी, यात तडजोड नाही

अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मधे येतो, आपण किलोवॅटची गोष्ट करतोय. फायबरचा प्रकाश दिसत नाही, आणि डोळ्याची लेन्स तो थेट पडद्यावर गोळा करते. परावर्तित किरणानेसुद्धा दृष्टी कायमची जाते, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. गॉगलवर वेव्हलेंग्थ आणि ओडी (प्रकाश किती अडवतो तो आकडा) छापलेला पाहिजे, नुसता हिरवा रंग बघून घेऊ नका. सीओटू मशीनचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण १०.६ मायक्रॉन अडवतं पण फायबरचा प्रकाश आरपार सोडतं, म्हणून तसलं झाकण कापून फायबरवर बसवायचा जुगाड कुणी सांगितला तर ऐकू नका.

मला सगळ्यात काळजी वाटते ती हातातल्या लेझर वेल्डिंगची. रेलिंगवाल्यांनी ती मशीन घेतलीत, काम देखणं होतं, बफिंग कमी लागतं, सगळं मान्य. पण दीड किलोवॅटचा उघडा किरण हातात आहे आणि समोर चकचकीत स्टेनलेसचा पाइप आहे. साध्या वेल्डिंगच्या काळ्या काचेवर भरवसा ठेवू नका, लेझरसाठी बनवलेलंच हेल्मेट घ्या. चारी बाजूंनी बंद बूथ करा, आत एकच माणूस, बाहेर चहा घेऊन उभं राहणारं कुणी नको. क्लॅम्पचं इंटरलॉक, म्हणजे टॉर्च जॉबला टेकल्याशिवाय किरण सुटत नाही ती सोय, काहीजण "त्रास होतो" म्हणून बायपास करतात. तसं करायला सांगणाऱ्या मालकाकडं पोरांनी कामच करू नये.

बाकीचं भरभर सांगतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापताना झिंकचा धूर निघतो, त्याने रात्री थंडी-ताप भरतो, एक्झॉस्ट पाहिजेच. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते, डस्ट कलेक्टरमधे लोखंडाच्या ठिणग्यांबरोबर साठू देऊ नका. ऑक्सिजनच्या फिटिंगला तेल-ग्रीस अजिबात नाही. नायट्रोजन बंद खोलीत गळाला तर माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो, ड्युरा मोकळ्या हवेत ठेवा. आणि मशीन चालू असताना ऑपरेटरने जागा सोडायची नाही.

पायरी ७: हिशोब

दर किलोवर काढायची सवय सोडा, ती गॅस कटिंगच्या काळातली आहे. लेझरमधे पैसे वेळेचे असतात. एक उदाहरण घ्या: ५ एमएम माइल्ड स्टीलचा ब्रॅकेट, २०० बाय १००, चार भोकं १२ एमएमची. बाहेरचा परिघ ६०० एमएम, चार भोकांचा मिळून १५१, म्हणजे एकूण ७५१ एमएम, पाऊण मीटर. स्पीड मिनिटाला २ मीटर धरला तर कटिंग साडेबावीस सेकंद. पियर्सिंग (कट सुरू करायला पत्रा आरपार भोसकणं) पाच, प्रत्येकी सेकंदभर. इकडून तिकडं जायचा वेळ धरून अर्धा मिनिट. वजन पाऊण किलोच्या जरा वर, ०.७८५. आता त्याच वजनाच्या पत्र्यात कुणी साठ बारीक भोकं मागितली तर वजन उलट कमी होतं आणि वेळ कितीतरी पटीने वाढतो. किलोवर दर दिला असेल तर तुमचा तोटा.

म्हणून कोटेशन करताना कटची लांबी, पियर्सची संख्या, गॅस कुठला, प्लेट कुणाची, आणि उरलेला तुकडा कुणाचा हे पाचही लिहा. शेवटच्या मुद्द्यावरून जेवढे वाद होतात तेवढे दरावरून होत नाहीत.

पायरी ८: मशीन घ्यायचंच असेल तर

आधी सहा महिने जॉबवर्कवर काम करून घ्या आणि वही ठेवा: कुठली जाडी किती वेळा, किती मीटर कट, किती बिल. वहीत बहुतेक काम २ ते ६ एमएमचं दिसलं तर दीड ते तीन किलोवॅटमधे बघा, दीड किलोवॅटवर माइल्ड स्टील साधारण १२ एमएमपर्यंत आणि स्टेनलेस ५ एमएमपर्यंत व्यवस्थित जातं. वर्षातून चार वेळा येणाऱ्या २० एमएम प्लेटसाठी मोठं मशीन घेऊन हप्ते भरू नका, ती चार कामं बाहेर करून घ्या. मशीनच्या किमतीत चिलर, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, एक्झॉस्ट, अर्थिंग, थ्री फेजचा वाढीव लोड आणि एसी केबिन मोजलेलं नसतं, ते वेगळं धरा.

डेमोला जाताना तिथला चकचकीत पत्रा बघून भुलू नका. आपल्या रोजच्या डीलरकडची प्लेट, आपलीच डीएक्सएफ फाइल, आणि घड्याळ घेऊन जा. प्रत्येक ठिकाणी तोच जॉब कापून घ्या, लागलेला वेळ, गॅस आणि प्रेशर तुकड्यावर मार्करने लिहा, दहा भोकांचं माप व्हर्नियरने घ्या, वरून आणि खालून दोन्हीकडं. सोर्सची वॉरंटी किती आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठं जाणार, तोपर्यंत दुसरा सोर्स मिळणार का, काच-नोझल-सिरॅमिक रिंग कोल्हापुरात किंवा निदान पुण्यात स्टॉकला आहे का, आणि तुमच्या ऑपरेटरला किती दिवस ट्रेनिंग देणार, ही उत्तरं ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या, आणि मग अ‍ॅडव्हान्स द्या.